व्याह्यांच्या घरातला खड्डा

व्याह्यांना आणायला विहिणीनं एकटीनं जायचं, हे आमच्या साताऱ्यात कुणाला सांगितलं की समोरचा आधी माझ्याकडे नीट बघायचा आणि मग विषय बदलायचा. पण वेळच तशी आली होती. माझ्या लेकीला, मधुराला, सातवा महिना लागलेला. जावई निलेश कंपनीच्या कामासाठी जर्मनीत अडकलेला. आणि निलेशचे वडील श्यामरावजी नागपूर जिल्ह्यात, उमरेडच्या पुढे एका खेड्यात, एकटेच राहत होते. दिवाळीच्या सुमारास ते घरात पडले. हाड मोडलं नाही, पण कोपर चांगलंच सुजलं आणि मुलाची झोप उडाली. बाबांना आता पुण्याला आणायचं, कायमचं, असं नवरा-बायकोनं फोनवर ठरवलं. आणायला जाणार कोण, तर मी. उभा जन्म खानावळ चालवली, ती बंद करून नुकते कुठे हातपाय पसरले होते.

खरं सांगायचं तर मला धास्ती होती ती प्रवासाची नव्हे. पुण्याचं घर दोन खोल्यांचं. बाळंतपणासाठी मीही तिथंच मुक्काम ठोकणार होते. म्हणजे एका खोलीत लेक आणि बाळ, आणि दुसऱ्या खोलीत मी आणि माझे व्याही. "मधे पडदा लावू गं आई," असं मधुरा सहज म्हणाली. त्या पडद्याच्या विचारानं मी आठवडाभर नीट झोपले नव्हते. लग्नात ज्यांच्यासमोर मी मान-पानावरून तोंड वाकडं केलं होतं, त्यांचं घोरणं ऐकत म्हातारपण काढायचं, या कल्पनेनंच अंगावर काटा येत होता.

गावाचं नाव लिहीत नाही. श्यामरावजींना ते आवडणार नाही.

नागपूर

जानेवारीतल्या सकाळी नागपूरला उतरले तेव्हा दात वाजत होते. थंडी कशी असते ते मला माहीत आहे असं मला वाटत होतं. साताऱ्याची थंडी शालीनं भागते. इथली हाडांना भेटायला येते. स्टेशनाबाहेर एका गाडीवर लोक उभ्यानं पोहे खात होते. मीही प्लेट घेतली. तोंडात घास घालणार तेवढ्यात गाडीवाल्यानं हरभऱ्याचा लालभडक रस्सा वरून ओतला. मी म्हटलं, अहो, पोहे भिजले ना. तो म्हणाला, "मावशी, तर्रीबिगर पोहे खाऊन काय करता? आजारी हाय का तुम्ही?" मी खाल्ले. नाकातून, डोळ्यांतून पाणी आलं, आणि दुसरी प्लेट मागितली. धंद्यातल्या माणसाला दुसऱ्याच्या हाताची चव कबूल करायला वेळ लागतो, पण तो रस्सा मला आजही जमलेला नाही.

पुढे उमरेडपर्यंत एसटी. खिडकीतून तुरीची शेतं, काढायला आलेली, अर्धी पिवळी, अर्धी हिरवी. मध्येच कापूस. कोळशाच्या खाणीकडून येणारे ट्रक, त्यांच्यामागे रस्त्याकडेची झाडं काळी पडलेली. आमच्याकडे कुठंही बघा, नजर डोंगराला जाऊन टेकते. इथं ती टेकतच नाही. शेजारच्या बाईनं, न विचारता, संत्रं सोलून अर्धं माझ्या हातावर ठेवलं आणि मी कुठली, कुणाकडे निघाले, मुलं किती, सगळं उमरेड यायच्या आत काढून घेतलं. विहीण व्याह्यांना न्यायला आली आहे हे ऐकून तीही जरा गप्प झाली.

व्याह्यांचं घर

उमरेडहून रिक्षानं गावात पोचले. श्यामरावजी दारात काठी धरून उभे होते. उंच, वाळलेले, पांढरंशुभ्र धोतर. मी वाकायच्या आत त्यांनीच हात जोडले.

"या जी इहीनबाई. लय लांबून आले तुम्ही."

त्यांच्या बाजूला शेजारची वच्छलाबाई, हातात गरम पाण्याचा तांब्या घेऊन. ती समोरच्या घरातल्या नथ्थूजींची सून. नथ्थूजी म्हणजे श्यामरावजींचे बालमित्र. तिच्या हातून माझे पाय धुतले गेले, ओवाळणं झालं. विहिणीचा मान काय असतो ते इथं कळलं. साताऱ्याकडे आम्ही लग्नापुरतं रुसतो-फुगतो आणि मग एकमेकींची भांडी घासतो. इथं मला तीन दिवस पाण्याचा पेला स्वतः उचलू दिला नाही.

घर बघून मात्र मी चाटच पडले. निलेशनं आदल्या वर्षी ते नवं करून घेतलं होतं. आत पांढऱ्या टाइल्स, अशा चकचकीत की त्यात आपलं तोंड दिसावं. सोफा, जेवायचं टेबल, पलंग, पलंगाला लागूनच कमोडची न्हाणी. निलेशनं सगळं मनापासून केलं होतं, त्यात शंका नाही. म्हाताऱ्या माणसाच्या घरात खाचखळगा, उंबरा, पायरी नको, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. तशी एकही गोष्ट घरात उरली नव्हती.

आणि माणसंही उरली नव्हती. लोक येत होते, पण बाहेरूनच बोलत होते. "श्यामरावजी, बरे हाय का गा?" असं अंगणातूनच विचारून पुढे जात. वच्छलाबाई जेवणाचा डबा घेऊन यायची तेव्हा दाराशी थांबून, पदरानं तळपाय पुसून, चवड्यांवर आत यायची.

मी म्हटलं, "अगं, सरळ ये की."

"नाई जी. तुमच्या टाइल्सवर पायाचे ठसे उमटते. शेतातले पाय आहे आमचे."

रात्री मला टेबलावर जेवायला वाढलं. पाटवडीचा रस्सा, भाकरी, आणि कोथिंबिरीची खमंग वडी, जिला इथं सांबारवडी म्हणतात. एका ओळीत बारा-पंधरा पोरांना वाढणारी मी, चार खुर्च्यांच्या टेबलावर एकटी. श्यामरावजी आतल्या खोलीत, पलंगावर बसून, स्टुलावरच्या ताटातलं खात होते. टीव्ही चालू होता. त्यांना खाली बसता येत नाही, गुडघे वाकत नाहीत, आणि विहिणीबरोबर एका टेबलावर बसायचा त्यांना संकोच. वच्छलाबाई स्वैपाकघराच्या दारात उभी. तीन माणसं, तीन ठिकाणी. माणूस एकटं जेवताना दिसलं की माझा घास उतरत नाही. ती सवय धंद्याबरोबर गेली नाही.

जेवणानंतर मी विचारलं, "तयारी झाली का हो तुमची?"

त्यांनी कोपऱ्यातली पिशवी दाखवली. दोन धोतरं, दोन सदरे, औषधं. एवढंच. "झाली जी," ते म्हणाले आणि पुन्हा टीव्हीकडे बघू लागले. मी जे काही बोलले त्याला त्यांचं उत्तर एकच, हो जी. पडदा लावायची गरजच पडणार नाही, इतका अबोल माणूस, असं मला वाटलं. त्यानं बरं वाटायला हवं होतं, पण तसं वाटलं नाही.

मिरची आणि शोधाशोध

दुसऱ्या दिवशी सकाळी वच्छलाबाई मला मिरची दाखवायला घेऊन गेली. भिवापूरची मिरची आम्ही खानावळीत नावानं मागवायचो, पण मागवणं वेगळं आणि तिच्या ढिगाशेजारी उभं राहणं वेगळं. बायका ओळीनं बसून मिरचीचे देठ तोडत होत्या, नाकाला साधा पदरही न लावता. मी एक श्वास घेतला आणि मग मला शिंकांशिवाय दुसरं काही करता आलं नाही. बायका हसून हसून आडव्या झाल्या. एक म्हणाली, "इहीनबाईले परत न्या वं, नाहीतर पुन्याले नाक पोचन, बाई इथंच राहीन." डोळे पुसत, ठेचकाळत मी घरी आले.

श्यामरावजी पलंगावर नव्हते. न्हाणीत नव्हते. मागच्या अंगणात नव्हते. टीव्ही एकटाच बोलत होता. काठीही दिसेना. लेकीनं एक काम सांगितलं होतं, तेही धड झालं नाही, आणि आता मी निलेशला काय तोंड दाखवू. मागच्या विहिरीपर्यंत जाऊन डोकावून आले. वच्छलाबाई मात्र निवांत. ती म्हणाली, "आमच्या घरी असन. पाहा ना जाऊन."

समोरचं नथ्थूजींचं घर म्हणजे जुनं, बुटकं, शेणानं सारवलेलं. आत अंधार. डोळे सरावले तेव्हा आधी हसू ऐकू आलं आणि मग माणूस दिसला. श्यामरावजी जमिनीत होते. म्हणजे कमरेपासून वरचे श्यामरावजी जमिनीवर आणि पाय जमिनीखाली. भोवती नथ्थूजी, दोन म्हाताऱ्या, एक नातवंड मांडीवर घेतलेली बाई, सगळे खाली बसून तुरीच्या ओल्या शेंगा सोलत होते. श्यामरावजीही सोलत होते आणि तोंडानं अखंड बोलत होते. उमरेडच्या बाजारात कुणा व्यापाऱ्याला त्यांनी एकच लुगडं दोनदा कसं दाखवलं, ती गोष्ट चालली होती. हा माणूस बोलतो, हे मला त्या क्षणी कळलं.

"या जी इहीनबाई," ते म्हणाले. "घाबरले का?"

घाबरले होते हे मी सरळ सांगितलं. वरून थोडी चिडलेही. मग नथ्थूजींनी मला तो खड्डा समजावून दिला. ही दोन्ही घरं विणकरांची. हातमाग जमिनीवर आणि त्याच्याखाली खड्डा. विणणारा खड्ड्याच्या काठावर बसायचा, पाय आत सोडून पायानं माग चालवायचा. माग जाऊन जमाना झाला. लाकडं चुलीत गेली. पण खड्डा राहिला, आणि गुडघे गेल्यावर तो भलत्याच कामाला आला. मांडी घालायला नको, उकिडवं बसायला नको. खुर्चीवर बसावं तसे पाय सुटतात, आणि तरी माणूस जमिनीवर, सगळ्यांच्या बरोबरीनं. थंडीत आत ऊब असते. उठायचं कसं, तेही श्यामरावजींनी करून दाखवलं. खड्ड्याच्या भिंतीत एक पायरी कोरलेली असते. तिच्यावर पाय, दोन तळवे काठावर, आणि एका दमात माणूस उभा. काल पलंगावरून उठताना मी त्यांना तीनदा झोकांडी खाताना पाहिलं होतं.

"मी बसून बघू का?" मी विचारलं.

एकदम गलका झाला. वच्छलाबाई आडवी आली. "नोका जी. गावातले लोक काय म्हनन, इहीनबाईले खड्ड्यात बसवलं."

पण माझेही गुडघे खानावळीतच संपले आहेत. जमिनीवर बसून मला वर्षं झाली. कुणाच्या घरी पूजा असली की मी भिंतीकडच्या खुर्चीत, औषधाच्या बाटलीसारखी वेगळी ठेवलेली. श्यामरावजींनी जागा करून दिली, मी काठावर बसले, पाय आत सोडले. आणि काय सांगू, गुडघ्यांनी हुश्श केलं. समोर शेंगांचा ढीग आला, हात चालू लागले. थोड्या वेळानं वच्छलाबाईनं त्याच ओल्या तुरीचा सोलेभात आणला, वरून लसणाची फोडणी आणि कच्चं तेल. सगळ्यांची ताटं एका पातळीवर. मी दोनदा भात घेतला. कितीतरी वर्षांनी मी पंगतीत बसले होते, आणि मला भरून आलं ते मिरचीमुळे असं मी सांगितलं.

फरशी

जेवण झाल्यावर मी श्यामरावजींना विचारलं, "तुमच्या घरातला खड्डा कुठं गेला?"

"बुजवला ना निलेशनं. सोफा हाय ना, तेच्या खाली."

"तुम्हाला विचारलं नाही?"

"विचारलं जी. मी हो म्हनलं."

"काहून हो म्हनलं?" हे नथ्थूजींनी विचारलं. त्यांनाही ते आजवर माहीत नव्हतं.

श्यामरावजींनी हातातली शेंग सोलून संपवली. "टाइल्स आधीच आनल्या होत्या गा त्यानं. इतक्या दुरून येऊन, सुटी टाकून. तेले वाईट वाटलं असतं."

मग वच्छलाबाई बोलली, आणि खरी भीती कशाची धरायची ते मला कळलं. आधी दिवसभर कुणी ना कुणी त्या घरात असायचं. खड्ड्याभोवती मंडळी जमायची, भाजी निवडली जायची, चहा व्हायचा. टाइल्स आल्या आणि धुळीचे पाय बाहेरच थांबले. दिवाळीच्या सुमारास श्यामरावजी पडले ते सकाळी. ओल्या पायानं सर्रकन गेले. ती दुपारी डबा घेऊन गेली तोवर तिथंच पडून होते. दारावरून माणसं जात होती. हाकही मारून गेली होती. टीव्हीच्या आवाजात त्यांचं ओरडणं कुणाला ऐकू गेलं नाही.

"पह्यले असं झालंच नसतं जी," ती म्हणाली. "कोनीतरी बसलंच असतं तिथं."

मी त्यांना सरळ विचारलं. इतक्या दिवसांत ते कुणी विचारलंच नव्हतं. "श्यामरावजी, तुम्हाला पुण्याला यायचं आहे का?"

त्यांनी समोरची टरफलं एका बाजूला सारली. "पोरगा भेते जी," ते म्हणाले. "मी पडलो तवापासून तेले झोप नाही. तेच्यासाठी येतो म्हनलं. पन खरं सांगू का इहीनबाई, खुर्चीवर बसलं का मानूस पाहुना होते. इथं वरीसभर मी माह्याच घरी पाहुना होऊन राहिलो. तिथं तर होईनच."

मला त्या पडद्याची आठवण झाली आणि स्वतःचीच लाज वाटली. मग लगेच सुटल्यासारखंही वाटलं, ते कशाला लपवू. मी बाहेर जाऊन मधुराला फोन लावला. सगळं सांगितलं, खड्डा परत उघडून त्यांना इथंच राहू द्यावं हेही. ती म्हणाली, "आई, तू त्यांना आणायला गेली आहेस. फरशी फोडायला नाही."

मी म्हटलं, "फोडायची की नाही ते श्यामरावजी ठरवणार. घर त्यांचं आहे."

ती मग एकेक अडचण काढू लागली. तिचं म्हणणंही खोटं नव्हतं. अंधारात त्याच खड्ड्यात पाय गेला तर? उद्या तिचंच बाळ तिथं रांगलं तर? मी आत येऊन हे जसंच्या तसं विचारलं. नथ्थूजींनी त्यांच्या खड्ड्याचं झाकण दाखवलं, जाड फळ्यांचं. वापर नसला की बसवायचं. श्यामरावजींनी सगळं ऐकून घेतलं आणि काठी उचलली.

"घर माह्यंच हाय ना?" ते म्हणाले. "कैलास मिस्त्रीले बोलवा."

मधुरा म्हणाली, निलेशला संध्याकाळी मी समजावून सांगते, तोवर तुम्ही काही बोलू नका. पण त्या संध्याकाळी त्याचा फोन लागलाच नाही, दुसऱ्या दिवशीही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मिस्त्री आला. सोफा अंगणात निघाला. अर्धा गाव बघायला जमला. पहिली टाइल फुटली तेव्हा श्यामरावजींनी डोळे मिटून घेतले. पोराची आठवण झाली असणार. पण खालचा मुरूम उपसू लागले तेव्हा तेच काठीनं दाखवू लागले, इकडे पायरी, जरा धीरानं, फोडशील. पायरी सापडली. तिची कड झिजून गोल झाली होती. मिस्त्रीनं काठाला सिमेंट लावून धरायला लोखंडी पाइपाचा तुकडा बसवला, झाकणाचं माप घेतलं. उरलेल्या टाइल्सवर मी घरातली सगळी पोती आणि सतरंज्या अंथरून टाकल्या. पाय घसरायला नको आणि कुणाला पुसायलाही नको. घरभर माती झालीच होती. वच्छलाबाई त्या मातीतून तशीच, टाचा टेकवत, सरळ आत आली.

सिमेंट वाळेपर्यंत कुणाला धीर नव्हता. त्याच्यावर फळी टाकली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी श्यामरावजी आत पाय सोडून बसले. समोर नथ्थूजी, बाजूला बायका, पलीकडच्या काठावर मी. ताटं वाढली गेली. वच्छलाबाईनं सावजी रस्सा केला होता. पहिल्या घासाला माझे कान गरम झाले.

तेवढ्यात निलेशचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे सकाळ होती. मधुरा त्याच्याशी अजून बोलली नव्हती, आणि मी वेंधळेपणानं फोन उचलून सरळ श्यामरावजींसमोर धरला. पडद्यावर त्याला काय दिसलं असेल? वडील जमिनीत अर्धे, भोवती माणसं गोळा झालेली, फुटलेली फरशी. त्याचा चेहरा पांढरा पडला.

"बाबा! काय झालं? पडले का तुम्ही?"

"पडलो नाही रे," श्यामरावजी म्हणाले. "बसलो."

मी फोन हळूच खाली केला, खड्डा दाखवला, पायरी दाखवली, धरायचा पाइप दाखवला, माणसं दाखवली. श्यामरावजींनी तळवे टेकून, एका दमात उभं राहून दाखवलं आणि परत बसले. तो बघत राहिला. त्याला वाईट वाटत होतं, आणि त्याच वेळी त्याच्या खांद्यांवरचं काहीतरी उतरत होतं, दोन्ही मला दिसत होतं.

"तू जेवला का?" वडिलांनी विचारलं.

"नाही. आत्ता ब्रेड खाणार होतो."

"मग घे ना. बस खाली."

फोनमध्ये खुर्ची सरकल्याचा आवाज आला. छत दिसलं, मग टेबलाचे पाय दिसले. निलेशनं फोन जमिनीवर, भिंतीला टेकवून ठेवला, आणि त्या परक्या देशातल्या खोलीत, बुटांसकट, बशी मांडीवर घेऊन तो खाली बसला. मी माझा फोन खड्ड्याच्या काठावर, तांब्याला टेकवून ठेवला. मग बाप-लेक समोरासमोर जेवले.